फक्त उघड्यावर फोटो काढते. वेगळा फ्लॅश घ्यावा का?

रविवारची पायवाट

नमस्कार मंडळी. राहायला कोल्हापुरात, आठवडाभर नोकरी आणि रविवार उजाडला की कॅमेरा घेऊन बाहेर. पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, जोतिबा, नाहीतर जवळ म्हणून कळंब्याचा तलाव. लग्नात, हॉलमध्ये मी फोटो काढत नाही आणि तशी इच्छाही नाही. कॅमेरा निकॉन डी५६००. लेन्स तीन आहेत: १८-१४०, ३५ मिमी एफ/१.८ आणि ७०-३००.

दिवाळीच्या बोनसमधून थोडे पैसे बाजूला ठेवलेत. ट्रायपॉड बघायला एका दुकानात गेले, तर तिथले गृहस्थ म्हणाले की आधी फ्लॅश घ्या, बाकी सगळं नंतर. ज्यांच्याबरोबर मी भटकते ते सगळे नेमकं उलट सांगतात. डोक्यावर सूर्य असताना फ्लॅश कशाला, असं त्यांचं म्हणणं.

देखावे मला हवे तसे मिळतात. अडतं ते माणसांपाशी. चैत्रात जोतिबाला भर दुपारी सासनकाठी नाचवणारा माणूस टिपला, की पटक्याखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. गुऱ्हाळात गेले की एकतर दारातून दिसणारा उसाचा फड पांढराफटक होतो, नाहीतर काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या काळाठिक्कर. दोन्ही एका फोटोत येत नाहीत. यावर फ्लॅश हाच उपाय आहे, की वेळ आणि जागा बदलून भागेल? अनुभव असलेल्यांनी दोन्ही बाजूंनी लिहा.

करवीरकर

माझं स्पष्ट मत: घेऊ नका. ट्रायपॉड घ्या.

उघड्यावर फोटो काढणाऱ्याचं खरं काम उजेडाची वाट बघणं हे असतं. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या कमानीत सकाळी वेगळा उजेड असतो, साडेचारला वेगळा. सज्जाकोठीवरून खाली दिसणारं खोरं पावसाळा संपता संपता ज्या रंगात असतं ते कुठल्याही फ्लॅशने येणार नाही, कारण फ्लॅशचा उजेड तिथवर पोचतच नाही.

माणसांचंही तेच. भर उन्हातल्या माणसाला चार पावलं बाजूला घ्या, झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीच्या कडेला उभं करा, तोंड मोकळ्या आभाळाकडे. चेहरा मऊ उजळतो. शिवाय आता रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलं की सावल्या उचलता येतात. डी५६००ला आयएसओ १०० वर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलल्या तरी फोटो टिकतो.

उसाचा फड

वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे.

तांबडी माती

ताई, मी तालमीतले आन् मैदानातले फोटू काढतो. खासबागेत किंवा गावच्या मैदानात कुस्ती चालू असताना फ्लॅश मारायचा न्हाई, ह्यात चर्चाच न्हाई. डाव टाकताना पैलवानाच्या डोळ्यावर उजेड आला तर मान मोडायची वेळ येतीय. रात्री फ्लडलाईट असतंय, आयएसओ वाढवायचा आन् काढायचं. सकाळी तालमीत झरोक्यातनं जो उजेड येतोय त्यात मातीची धूळ दिसती, तिथं बी फ्लॅश नगो.

पण करवीरकर म्हणत्यात तसं चार पावलं बाजूला घ्या, हे जोतिबाला कसं जमायचं? सासनकाठीवाल्याला म्हणायचं का, जरा सावलीला चला म्हणून?

करवीरकर

जत्रेत जमत नाही हे मान्य. पण जत्रेतही पहाटे आणि संध्याकाळी उजेड चांगला असतोच की.

जुना लाईटमन

मी सिनेमाच्या लाइटिंगमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. फोटोग्राफर नाही, पण उजेडाशी माझा संबंध जुना आहे, म्हणून लिहितो.

आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा, मूकपटाच्या जमान्यात, चित्रीकरण बहुतेक सूर्यावरच चालायचं. सूर्य होता म्हणून बाकी काही लागत नव्हतं असं मात्र नाही. चेहऱ्यावर उजेड परत फेकायला रिफ्लेक्टर लागायचेच. पुढे मोठमोठे दिवे आले आणि आउटडोअरला सर्वांत मोठे दिवे निघायचे ते भर दुपारच्या शॉटला. रात्रीच्या शॉटला त्याहून कमी उजेडात काम भागतं. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. अंधारात थोडासा दिवाही दिसतो. उन्हाशी बरोबरी करायची तर तेवढ्याच ताकदीचा दिवा हवा.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नात 'बाहेर की आत' याला माझ्या मते महत्त्व नाही. तुमच्या चौकटीतली मुख्य वस्तू तुमच्यापासून किती लांब आहे ते बघा. तीन-चार मीटरच्या आत माणूस, फूल, बेडूक काही असेल तर फ्लॅश उपयोगाचा. त्याच्या पुढे दरी, डोंगर, तलाव, मिरवणूक असेल तर कितीही महागाचा घेतलात तरी फरक पडणार नाही. गेल्या वर्षभरातले स्वतःला आवडलेले फोटो काढून बसा आणि प्रत्येकात मुख्य वस्तू किती अंतरावर आहे ते बघत जा. उत्तर तिथेच मिळेल.

आता करवीरकरांच्या दोन मुद्द्यांविषयी. सावलीच्या कडेला उभं करणं उत्तमच, मीही तेच सांगेन. पण कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे हे विसरू नका. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. चैत्री पौर्णिमेलाही तो ऐंशी अंशांच्या आसपास किंवा त्याच्या वर असतो. तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांत पडणारच. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून थंडीत दुपारी काढलेले चेहरे बरे येतात. म्हणजे तुम्हाला जो त्रास जोतिबाला होतो तो पौषात निम्मा होईल.

आणि रॉमध्ये सावली उचलणं. उजळपणा येतो, कबूल. उजेडाची दिशा मात्र बदलत नाही. उजेड वरूनच पडलेला असतो, तो तुम्ही फक्त जास्त दाखवता. डोळ्यात ठिपका येत नाही आणि तो नसला की डोळा निर्जीव दिसतो. शिवाय सावलीत जो थोडा उजेड असतो तो आजूबाजूचा रंग घेऊन आलेला असतो. झाडाखाली हिरवा, आपल्याकडच्या तांबड्या मातीवर तांबूस. सावली उचलली की तो रंगही वर येतो.

रविवारची पायवाट

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. लगेच बसून पाहिलं. देखावे सोडले तर माझे बहुतेक आवडते फोटो दोन ते तीन मीटरवरच्या माणसांचे आहेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग पुढचा प्रश्न. कॅमेऱ्यातच जो उघडणारा फ्लॅश आहे त्याने भागणार नाही का?

घाटमाथा

आकड्यांत सांगतो म्हणजे वाद राहणार नाही.

स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं की अॅपर्चर एफ/११ लागतं. फ्लॅशच्या गाईड नंबरला अॅपर्चरने भागलं की तो किती मीटरपर्यंत पुरतो ते मिळतं. डी५६००च्या अंगच्या फ्लॅशचा गाईड नंबर १२. बाराला अकराने भागा, जेमतेम एक मीटर. एवढ्या जवळ गेलात तर १८-१४० लेन्सची सावली फोटोच्या खालच्या भागात पडते, हुड लावला असेल तर नक्कीच.

बाहेरच्या फ्लॅशवर ६० छापलेलं असतं. पण तो आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिमीला झूम केल्यावरचा. ३५ मिमीच्या पसाऱ्याला तो ३५ ते ४० च्या घरात येतो. म्हणजे सव्वातीन-साडेतीन मीटर. काकांनी अनुभवाने सांगितलेला आकडा गणितानेही तोच येतो. पुढे उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स किंवा छत्री लावली आणि दोन स्टॉप गेल्या तर अंतर निम्मं, दीड-पावणेदोन मीटर.

हे झालं उन्हाशी पूर्ण बरोबरी करायची असेल तर. तुम्हाला तेवढी नको आहे. डोळ्याखालचा काळेपणा घालवायला उन्हापेक्षा दीड-दोन स्टॉप कमी फ्लॅश पुरतो, जास्त झाला तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उणे दोनवर ठेवला की तोच फ्लॅश दुप्पट अंतरावर, सहा मीटरच्या पुढे चालतो. जत्रेसाठी एवढं भरपूर झालं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. पोर्ट्रेट काढताना ३५ मिमी एफ/१.८ उघडी ठेवून मागचं धूसर करावं असं वाटतं. उन्हात एफ/२.८ ठेवलं तर शटर १/३२०० वर जातं. डी५६०० फ्लॅशबरोबर १/२०० च्या वर जात नाही आणि हाय स्पीड सिंक (एचएसएस), म्हणजे त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवायची सोय, या बॉडीत नाहीच. फ्लॅश कितीही भारी घ्या, बॉडीच ते करत नाही. तेव्हा 'एचएसएसवाला घ्या' म्हणून कोणी जास्त पैसे सांगितले तर देऊ नका. त्याऐवजी ३५ मिमीसाठी ५२ मिमीचा एनडी१६, म्हणजे उजेड कमी करणारा गडद फिल्टर घ्या. चार स्टॉप कमी होतात, १/२०० ला एफ/२.८ मिळतं. फिल्टरने ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, म्हणून फ्लॅशचा पल्ला वर काढला तेवढाच राहतो.

उसाचा फड

आयएसओ वाढवला तर फ्लॅश लांब जाईल ना?

घाटमाथा

अंधारात हो. उन्हात नाही. आयएसओ वाढवला की ऊनही तेवढंच वाढतं, मग अॅपर्चर आवळावं लागतं, पुन्हा तिथेच. उन्हात फ्लॅश आणि ऊन वेगवेगळं हाताळायला एकच चावी आहे, शटर. १/२०० पर्यंत शटर वाढवलं की मागचं ऊन कमी होतं, फ्लॅश तसाच राहतो. म्हणून उन्हात शटर कायम सिंकच्या टोकाला, म्हणजे १/२०० ला ठेवायचं.

करवीरकर

गणित पटलं. पण प्रश्न पैशांचाही आहे. पाच पदरी घडीचा रिफ्लेक्टर फ्लॅशच्या मानाने अगदी स्वस्तात येतो, त्याला सेल लागत नाहीत आणि उजेड कसा पडतोय ते फोटो काढण्याआधी डोळ्यांना दिसतं. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही.

जुना लाईटमन

शंभर टक्के खरं. रिफ्लेक्टर घ्याच, पांढरा पदर वापरा. चंदेरी पदर लांबून उजेड फेकायला बरा, जवळून माणसाचे डोळे मिटतात. साधं थर्माकोलचं पान पण चालतं, आम्ही वर्षानुवर्षं तेच वापरलं. अगदीच काही नसेल तर स्वतः पांढरा शर्ट घालून माणसासमोर उभे राहा, जवळून काढलेल्या चेहऱ्यावर फरक पडतो.

पण ताई एकट्या फिरतात. रिफ्लेक्टर धरायला दुसरा माणूस लागतो. मसाई पठारावर जो वारा असतो त्यात दोन माणसंही तो धरू शकत नाहीत. जत्रेच्या गर्दीत तर उघडताच येत नाही.

बेडूकउडी

उशिरा आले, पण या धाग्यात माझी बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

मी पावसाळ्यात आजऱ्यावरून आंबोलीला जाते. बेडूक, कोळी, चतुर, बुरशी. माझ्यासाठी फ्लॅश नसणं म्हणजे फोटोच नसणं. १:१ मोठेपणावर (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा) स्पष्ट दिसणारी खोली इतकी कमी मिळते की एफ/११ ठेवलं तरी बेडकाचा एक डोळा नीट आणि नाक धूसर. त्यात एवढं जवळ गेलं की एफ/११ चा उजेड प्रत्यक्षात एफ/२२ इतकाच उरतो. जुलैत झाडीखाली, धुक्यात, दिवसाही हे हातात धरून जमत नाही. ट्रायपॉड लावला तर पानच वाऱ्याने हलतं. फ्लॅश १/१६ पॉवरला ठेवला की त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा पुष्कळ कमी वेळ टिकते, त्यामुळे पान हललं, माझा हात हलला तरी चित्र गोठतं. छोट्या वस्तूला फ्लॅश इंचांवर असतो, म्हणून चार पेन्सिल सेल रात्रभर पुरतात.

डिफ्यूझर मात्र हवाच. बेडकाचं अंग ओलं असतं, उघडा फ्लॅश मारला की पाठीवर पांढरे चट्टे येतात. दुधी प्लास्टिकचा पत्रा वाकवून लेन्सच्या पुढे आणला आणि तो बेडकाच्या शक्य तितका जवळ ठेवला की उजेड गुंडाळून येतो.

आणि कळकळीची विनंती. आंबोलीचा टोड जगात फक्त त्या परिसरातच सापडतो. त्याच्यावर रांगेत उभं राहून दहा-दहा जणांनी फ्लॅश मारू नये. दोन-तीन फोटो घ्या, उजेड बंद करा, पुढे जा. हात लावू नका, पकडून 'चांगल्या' पानावर ठेवू नका. काजव्यांच्या झाडापाशी फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही नको. रात्रीच्या घुबडावर, घरट्यावर, पिलांवर अजिबात नको. दाजीपूरला गवा समोर आला तर त्याच्यावर चमक मारणं तुमच्याच जिवाशी खेळणं आहे.

तांबडी माती

ह्ये बरं सांगितलं ताई. गव्याचं तर ध्यानात ठेवाच.

रविवारची पायवाट

बेडूकउडी, धन्यवाद. मॅक्रोकडे अजून वळले नाही, पण पठारावरची फुलं मला फार आवडतात. १८ मिमीने फुलाच्या अगदी जवळ बसून मागे मावळतीचं आभाळ घ्यायचं असतं. आभाळ धरलं की फूल काळं. तिथे फ्लॅश चालेल?

घाटमाथा

तिथे तर फार छान चालतो. देखाव्यात फ्लॅशचा कोणाला उपयोग होत असेल तर नेमका इथेच, कारण देखाव्याची जी पुढची बाजू असते ती तुमच्यापासून हातभर अंतरावर असते.

आधी फ्लॅश बंद ठेवून आभाळ हवं तसं बसवा, थोडं गडदच. मग फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून डाव्या हातात घ्या, बाजूने आणि किंचित वरून फुलाकडे धरा, पॉवर १/१६ पासून सुरू करा. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा, ५५०० केल्विनच्या आसपास असतो. मावळतीच्या उजेडात तो निळसर आणि परका दिसतो. पुढे अर्ध्या ताकदीचा नारिंगी सीटीओ जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पन्नी चिकटवा. जेलचे तुकडे स्वस्त असतात आणि उघड्यावर काढणाऱ्याला माझ्या मते सॉफ्टबॉक्सपेक्षा जास्त कामाला येतात.

फुलं तुडवू नका एवढंच. पठारावर एका फोटोसाठी लोक आडवे होतात आणि बाकीची शंभर झोपवतात.

पंचगंगाकाठ

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाटावर दीपोत्सव असतो, तिथे दरवर्षी बघतो. हजारो पणत्या लावलेल्या असतात आणि कॅमेऱ्यावरचे फ्लॅश लखलखत असतात. पणत्यांचा सगळा उजेड पुसला जातो, उरते ती राखाडी फरशी. अशा ठिकाणी फ्लॅश बंदच ठेवावा ना?

जुना लाईटमन

बंदच. पणत्या हाच तिथला दिवा आहे.

एखादी बाई वाकून पणती लावतेय आणि तिच्या चेहऱ्याला अगदी थोडा आधार हवा असेल, तर पूर्ण सीटीओ लावून, फ्लॅश सर्वांत खालच्या पॉवरला, १/६४ किंवा १/१२८, आणि तोही पणतीच्या बाजूने, खालून. शटर १/३० च्या आसपास, म्हणजे पणत्या आपल्या तेजात राहतात. वरून मारलेला उजेड लगेच खोटा वाटतो, कारण तिथे वरून उजेड यायचं काही कारणच नसतं. हा नियम सगळीकडे लावा. त्या जागी उजेड कुठून येऊ शकला असता, तिथूनच फ्लॅश आणा.

रविवारची पायवाट

आणि गुऱ्हाळ? माझा खरा जीव तिथे अडकलाय. आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं, आता आजूबाजूला एकेक बंद पडत चाललीत. जी चालू आहेत त्यांचे फोटो नीट काढून ठेवायचे आहेत.

जुना लाईटमन

गुऱ्हाळघर मी चित्रीकरणासाठी उजळलेलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आत गेलात की तीन उजेड असतात. दारातून येणारा, चुलवणातल्या जाळाचा आणि पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या तिरिपा. मधे काहील, तिच्यावर वाफ. कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवून मारलात तर पहिल्यांदा उजळते ती तुमच्या आणि गुळव्याच्या मधली वाफ. समोर पांढरा पडदा येतो आणि माणूस त्याच्यामागे पुसट. गगनबावड्याच्या धुक्यात, पावसात आणि जोतिबाच्या गुलालात हेच होतं, लेन्सजवळचा कण लांबच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त उजळतो.

उपाय एकच, फ्लॅश तुमच्यापासून दूर न्या. ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून लांबचा फ्लॅश बिनतारी पेटवणारं यंत्र) लावून फ्लॅश काहिलीच्या पलीकडे, बाजूला, डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि तोंड थोडं तुमच्याकडे वळवा, पण थेट लेन्समध्ये नको, एखाद्या खांबाआड लपवा. आता तीच वाफ मागून उजळते. तिच्या वळ्या दिसतात, गुळव्याच्या खांद्याची कड दिसते, फावड्यावरून ओघळणारा पाक चकाकतो. चेहऱ्यासाठी दाराचा उजेड पुरतो. नाही पुरला तर कोणाला तरी पांढरं कापड धरायला सांगा.

बाहेरचा फड आणि आतला माणूस एकत्र हवा असेल तर आधी फडाचं एक्सपोजर घ्या, शटर १/२००, मग आतला माणूस फ्लॅशने तेवढाच वर आणा. आत तुम्ही दोन-अडीच मीटरवरच असता, ताकद पुरेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. पाक आला की नाही हे गुळव्या डोळ्याने बघत असतो. काहील उतरवायची घटका जवळ आली की त्याची नजर क्षणभर दिपली तरी उकळता पाक अंगावर येऊ शकतो, गूळ बिघडतो तो वेगळाच. त्याला आधी विचारा, एकदा चमक दाखवून ठेवा आणि काहील उतरवताना फ्लॅश बंद. चुलवणाच्या बाजूला फ्लॅश ठेवू नका, उष्णतेने तो लवकर दमतो. वाफेने काच ओलावते, कोरडं फडकं खिशात असू द्या.

करवीरकर

लाईटमनकाका, हे वाचून माझं मत थोडं सरकलं. पन्हाळ्याच्या देखाव्यांसाठी मी अजूनही ट्रायपॉडच म्हणेन. पण ताईंचा जीव गुऱ्हाळात असेल तर त्यांना फ्लॅश लागेल, तेही कॅमेऱ्यावरून काढून. वाफेच्या मागून उजेड आणायला दुसरा मार्ग मलाही दिसत नाही.

ताई, एक सुचवू? लगेच विकत घेऊ नका. पौषात लग्नं नसतात, लग्नवाल्या फोटोग्राफरांचे फ्लॅश कपाटात पडून असतात. ओळखीच्या कोणाकडून दोन रविवार मागून आणा. गुऱ्हाळंही त्याच दिवसांत जोरात असतात.

रविवारची पायवाट

हे फार आवडलं. चुलतभावाचा मित्र लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडे गोडॉक्सचा टीटी६०० आहे असं आत्ताच फोनवर कळलं. पण तो कॅननवाला आहे. माझ्या निकॉनवर चालेल का? आणि टीटीएल (पॉवर आपोआप ठरण्याची सोय) नाही म्हणाला, त्याने अडेल?

घाटमाथा

टीटी६०० हातानेच पॉवर ठरवायचा फ्लॅश आहे, त्यामुळे कॅनन-निकॉन असा भेद येत नाही. ट्रिगर मात्र निकॉनचाच हवा. त्याच्याकडचा कॅननचा ट्रिगर तुमच्या बॉडीवर बसला तरी पिनांची मांडणी वेगळी असते, तो वापरू नका. गोडॉक्सचा एक्स२टी ट्रिगर घ्यायचा झाला तर मॉडेलच्या शेवटी 'एन' बघा. फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच आहे, वेगळा लागत नाही. पुढे गोडॉक्सचाच दुसरा फ्लॅश घेतलात तरी हाच ट्रिगर चालेल, म्हणून पहिला खर्च याच्यावर केलात तरी वाया जाणार नाही.

टीटीएल गुऱ्हाळात नको. गुळव्या आणि फ्लॅश दोघं जागेवर असतात, एकदा पॉवर बसवली की झालं. वाफ कमी-जास्त झाली की टीटीएल उलट प्रत्येक फोटोत वेगळं काहीतरी देईल. जोतिबाला मात्र टीटीएल सोयीचा, माणूस क्षणात दोन मीटरवरून चार मीटरवर जातो. चैत्राला अजून वेळ आहे, तेव्हा ठरवा.

सेल चांगल्या प्रतीचे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, चारचे दोन संच. नवे-जुने एकत्र घालू नका. साध्या अल्कलाइन सेलवर पूर्ण पॉवरच्या दोन चमकांमधला वेळ लांबत जातो आणि नेमका हवा तो क्षण निघून जातो.

तांबडी माती

ताई, जोतिबाला नेशीला तवा फ्लॅशच्या सांध्यावर आन् कॅमेऱ्याच्या बुटावर (फ्लॅश बसतो त्या खाचेवर) कागदी चिकटपट्टी लाव. गुलाल आत गेला की निघत न्हाई. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं न्हाई, आधी ब्लोअरनं उडवायचा. ओला झाला की रंग धरतोय.

बेडूकउडी

आणि स्टँड नसेल तर अडून राहू नका. गुऱ्हाळात चिपाडाच्या भाऱ्याला क्लॅम्पने फ्लॅश लावू मात्र नका, चिपाड वाळलेलं असतं आणि चूल पलीकडेच पेटलेली असते. लोखंडी खांबाला लावा.

रविवारची पायवाट

ठरलं. ट्रायपॉड आत्ता घेते, निकॉनचा ट्रिगर आणि जेलचे तुकडे त्याच्याबरोबर, फ्लॅश पौषात मागून आणते. गुळव्यामामांना आधी फ्लॅशशिवाय एकदा भेटून येईन, कुठल्या वेळी चमक चालेल ते विचारून. फोटो याच धाग्यावर टाकते, प्रत्येकाखाली फ्लॅश कुठे ठेवला होता आणि किती पॉवरला ते लिहून.